आधी सांग, उसवायचं कुठून?

तुझी बॅग मिळाली. जीन्सच्या तुकड्यांची रंगसंगती सुरेख जमलीय, पण मी सवयीने ती आधी उलटी केली. ‘एवढं जाड कापड घेऊनही पट्टा निघतो, मग चिकटवूनच टाकू का?’ हे तुझ्या चिठ्ठीत वाचून रागच आला. अगं, चिकटवू नकोस.

पट्ट्याचा दोरा शाबूत आहे, फाटलंय ते खालचं कापड. तो तुकडा पँटच्या गुडघ्याचा, आधीच विरलेला. जुनं कापड उजेडासमोर धरावं, उभं-आडवं ताणून बघावं. विरलेलं खिशाला चालेल, भार पडतो तिथे नाही. त्यात तुझी टीप इतकी बारीक, की सुईनेच भोकांची रांग पाडलीय. टाका 3 ते 3.5 मिलिमीटरचा ठेव, पट्ट्याच्या टोकाला चौकोन आणि आत फुली मार, मागून धड कापडाचं ठिगळ दे. फ्रायटाग बंधूंनी 1993 साली झुरिकमध्ये ट्रकच्या ताडपत्रीची बॅग केली, तेव्हा पट्ट्याला गाडीचा सीटबेल्ट लावला होता. ओढ सोसायलाच विणलेली पट्टी ती.

तरी कधीतरी फाटेलच. म्हणून विचारते, उसवायचं कुठून? चेन बिघडते तेव्हा बरेचदा दात ठीक असतात, त्यांवरून सरकणारा रनर सैल झालेला असतो. तू चेनची दोन्ही टोकं कडेच्या गोटात गाडलीस. एका रनरसाठी अर्धी बॅग उसवायची? अस्तराची तळाची शिवण हाताने, मोठ्या टाक्यांनी घाल. तिथून हात आत गेला पाहिजे. आणि शिवणीबाहेर माया सोडताना कंजुषी नको, पुन्हा शिवायला कापड उरू दे.

मीही एकदा घाईत ताडपत्रीच्या 60 बॅगांची अस्तरं सोल्युशनने चिकटवली होती. काय सफाईदार दिसत होत्या! वर्षभरात एक परत आली. अस्तर सोडवायला गेले, तर ताडपत्रीचा वरचा थरच सोलून हातात आला. ज्या कचऱ्यातून ती उचलली होती, त्यातच परत टाकली. बाकीच्या 59 कुठे आहेत, कोण जाणे. तेव्हापासून सोल्युशनचा डबा घरात नाही. त्यापायी कामं गेली, ‘हिचं काम संथ’ हेही ऐकलं. असेन हट्टी. पण माझ्याकडे दुरुस्तीला येणारी बॅग मला उघडता येते.

तुझी परत पाठवतेय. अस्तर तळाशी उसवून ठेवलंय, फार वेळ लागला. पट्टा तू बसव.