लॅपटॉपची तपासणी तटस्थ तज्ज्ञाकडे सोपवावी का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: न्यू जर्सीत तुमची बारा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, जुन्या भागीदाराने फेडरल कोर्टात दावा लावलाय, त्याचा वकील सगळ्या लॅपटॉपच्या कॉप्या मागतोय आणि तुमचा वकील म्हणतो, मध्ये एक तटस्थ तज्ज्ञ नेमू. हो म्हणावं का?

म्हणा. फक्त माणूस कोण यावर जितका खल करताय, त्याच्या दुप्पट कोर्टाच्या ऑर्डरमध्ये काय लिहिलं जातंय यावर करा. मी वकील नाही. पुण्यात बसून अमेरिकेतल्या खटल्यांचे ईमेल चाळण्यात तेरा वर्षं गेलीत, त्या अनुभवावर सांगतोय.

आपल्याकडे बांधाच्या भांडणात कोर्ट कमिशनर येतो ना, तसाच हा प्रकार. जमीन कुणाची हे तो ठरवत नाही, साखळी कुठून कुठे जाते ते दाखवतो.

तिकडे हे जुनंच आहे. 1999 मध्ये प्लेबॉय विरुद्ध वेल्स या खटल्यात वेल्सबाई (प्लेबॉय मासिकाच्या जुन्या मॉडेल) आलेले ईमेल पुसून टाकायच्या. कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने तज्ज्ञामार्फत त्यांच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढायला लावली. खर्च प्लेबॉयच्या माथी. सापडलेले ईमेल मात्र आधी वेल्सच्या वकिलाकडे जाणार, तो वकील-अशिलातला गोपनीय पत्रव्यवहार बाजूला काढणार आणि दाव्याशी संबंधित तेवढंच प्लेबॉयला मिळणार. तज्ज्ञाने पाहिलं म्हणून गोपनीयता संपली असंही धरायचं नाही. आधी तज्ज्ञ, मग तुमचा वकील, मग समोरचा: हा क्रम तुमच्या ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहून घ्या. जोडीला फेडरल कोर्टांच्या पुराव्याच्या नियमांतल्या नियम 502(डी)खालची ऑर्डर मागा, म्हणजे चुकून एखादं गोपनीय पत्र गेलंच तर त्यावरचा हक्क जात नाही.

वकिलाला आणखी एक विचारा: हा नुसता तज्ज्ञ, की फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम 53खालचा ‘स्पेशल मास्टर’, म्हणजे कोर्टाने स्वतःच्या मदतीला नेमलेला माणूस? मास्टरला जास्त अधिकार असतात, तो वादावर शिफारसही करू शकतो. कोर्टाने वेगळी मुदत दिली नसेल तर त्यावर हरकत घ्यायला 21 दिवस मिळतात. एका बाजूशी एकट्याने तो कधी बोलू शकतो हे नेमणुकीच्या ऑर्डरमध्ये नमूद करावंच लागतं. ते कलम स्वतः वाचा.

आता खरी गंमत शोधशब्दांची, म्हणजे जे शब्द टाकून ढिगातले कामाचे ईमेल शोधतात त्यांची. आमच्याकडच्या एका खटल्यात वादातल्या प्रॉडक्टचं नाव ‘मित्रा’ होतं. तो शब्द टाकला तर 61 हजार ईमेल वर आले, कारण सेल्समध्ये मित्रा आडनावाचे एक गृहस्थ होते आणि त्यांच्या प्रत्येक ईमेलखाली सही! दोन्हीकडचे वकील तीन आठवडे एकमेकांना खरमरीत पत्रं लिहीत बसले, बिलं चालूच. तटस्थ तज्ज्ञाने दोघांना एका कॉलवर घेतलं, स्क्रीनवर 200 ईमेल उघडून दाखवले, सह्या वगळल्या. साडेचार हजार उरले. त्या कॉलला पन्नास मिनिटंही लागली नाहीत. समोरच्याने नेमलेल्या तज्ज्ञाने हेच सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

पैशाचं म्हणाल तर निम्मं-निम्मं लगेच कबूल करू नका. मास्टरची फी वाटताना कोर्ट वादाची रक्कम, दोघांची ऐपत आणि त्याची गरज कुणामुळे पडली हे बघतं. दराबरोबर एकूण खर्चाची कमाल मर्यादाही लिहून घ्या.

आणि तज्ज्ञ यायची वाट न बघता आजच एक करा. ईमेल आपोआप डिलीट होण्याची सेटिंग बंद करा, सोडून गेलेल्यांचे लॅपटॉप फॉरमॅट करू नका. मुद्दाम पुरावा घालवला असं कोर्टाला वाटलं तर त्याच दिवाणी प्रक्रियेच्या नियम 37(ई)खाली निकालच विरुद्ध जाऊ शकतो. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग चालू असेल, तीही बघा; ती सगळेच विसरतात.