जर्मनीला येतोस, तर भाषा तिथूनच घेऊन ये

तू लिहिलंस, "काका, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजचा जीएस आणि बाहा या गाडी बनवण्याच्या स्पर्धेतल्या टीमचा कॅप्टनही. जर्मनीत ऑटोमोटिव्हचं मास्टर्स करायचंय. कोर्स इंग्रजीत आहे, भाषा तिथं आल्यावर शिकेन. विद्यार्थी नेतृत्वाला तिथं वाव असतो का? एकटं वाटतं का?" दोन रात्री उत्तर लिहून खोडलं. गोव्यात फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एके काळी मीही जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा सरचिटणीस, होतो.

एपीएस (पदवीच्या कागदांची पडताळणी), ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, तिथंच वाच. तिथं नसलेलं एक सांगतो. घरातल्या प्रत्येक कागदावर आडनावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आजच बघ. बाबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. त्यांच्या दाखल्यावर 'नाईक'च्या शेवटी क्यू-यू-ई, माझ्या पासपोर्टवर साधा के. लग्नाच्या नोंदणीत बाबांचंच स्पेलिंग उतरलं. बायको-मुलीच्या व्हिसाच्या वेळी एका कचेरीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, ही दोन वेगळी कुटुंबं का? प्रतिज्ञापत्र, भाषांतर, शिक्के, पुन्हा भाषांतर, यात सात महिने गेले. मुलगी पहिलं पाऊल टाकायला शिकली, ते मी फोनवर पाहिलं.

मी आलो २०१३ साली. आदल्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि तिस्क-उसगावचं बाबांचं खनिज वाहणाऱ्या टिप्पर ट्रकांचं गॅरेज ओस पडलं. पुण्याच्या पगारात कर्ज फिटेना. माझ्या मनात नेतृत्व वगैरे काही नव्हतं, तुझ्या मनात आहे, म्हणून नीट सांगतो.

वाव आहे, भरपूर आहे. इथं प्रत्येक विभागाची 'फाखशाफ्ट' म्हणजे विद्यार्थ्यांची निवडून आलेली समिती असते. फॉर्म्युला स्टुडंट ही विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा. तिच्या टीमा विद्यार्थीच चालवतात आणि ऑगस्टमध्ये हॉकेनहाइमच्या रेस ट्रॅकवर उतरतात. तिथं गाडी पळवण्याआधी परीक्षकांसमोर उभं राहून डिझाइन, खर्च, बिझनेस प्लॅन हे सगळं पटवून द्यावं लागतं. नुसत्या डिझाइनला १५० गुण. पण आपल्याकडे जीएस म्हणजे गॅदरिंग, प्रमुख पाहुणे, भाषण. इथं म्हणजे बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, प्रायोजकाला तिसऱ्यांदा फोन करणं आणि वर्षाअखेर सगळं पुढच्या माणसाच्या हाती नीट सोपवणं. टीमची आतली बोलणी बहुतेक ठिकाणी जर्मनमध्येच चालतात. तू इंग्रजीत विचारलंस तर उत्तर आदबीनं मिळेल, आणि पुन्हा सगळे जर्मनवर येतील. तू सीव्हीवर नुसतं 'जीएस' लिहू नकोस. किती पैसे उभे केले, कोणतं भांडण मिटवलं, ते लिही.

या क्षेत्राचं सांगायचं तर दिवस पूर्वीसारखे नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवागनच्या व्यवस्थापनाचा आणि कामगार संघटनेचा करार झाला, त्यात २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त जागा कमी करायच्या ठरल्या. इंजिनाची आवड ठेव, पण बॅटरी आणि सॉफ्टवेअर शिकून ये.

आता जे सांगायला जड जातं, ते. आम्ही बव्हेरियात राहतो. इथं चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, गिम्नाझियुम, आणि २.६६ पर्यंत दहावीपर्यंतची मधली शाळा, रेआलशूले. इथं १ हा सर्वांत चांगला गुण. मुलीला गणितात २, बाकी दोन्हींत ३. सरासरी २.६६. मे महिन्यात शाळेत मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून मी वर्गाच्या बाईंचं ऐकत होतो. त्या भरभर बोलत होत्या, मी मान हलवत होतो. बायकोनं हळूच विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "ठीक आहे." आणि सही केली. तीन दिवसांचे चाचणी वर्ग देऊनही गिम्नाझियुमला जाता येतं, हे मला ऑक्टोबरात एका तुर्की सहकाऱ्यानं सांगितलं. त्या कागदावर ते छापलेलंच होतं. फर्मागुडीला भरल्या सभागृहात न अडखळता बोलणारा मी, स्वतःच्या मुलीसाठी एक प्रश्न विचारू शकलो नाही. मुलगी आता आनंदात आहे, रेआलशूलेनंतरही पुढच्या वाटा आहेत, हे सगळं खरं. तरी मे महिना आला की ती खुर्ची आठवते.

एकटेपणाचं विचारलंस. वाटतं. चवथीला घरी गणपतीवर फळापानांची माटोळी बांधलेली फोनवर दिसते, तेव्हा जास्त वाटतं. मग सोमवार येतो. त्यावर याहून जास्त वेळ घालवू नकोस.

आणखी एक. इथं कंपनीतही निवडणूक असते. दर चार वर्षांनी कामगार आपलं मंडळ निवडतात, त्याला 'बेट्रीब्सराट' म्हणतात. २,००० हून जास्त माणसं असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात, निम्म्या जागा कामगारांच्या, असा १९७६ चा कायदा आहे. तुझ्यासारख्याला हे काम आवडेल. २०२२ ला सहकारी मला म्हणाले, नाव दे. मी म्हटलं, माझं जर्मन पुरेसं नाही. नऊ वर्षं झाली होती तेव्हा मला इथं येऊन.

तेव्हा 'आल्यावर शिकेन' हे मनातून काढ. कोर्स इंग्रजीत असला तरी बी-वन, म्हणजे जर्मनची तिसरी पातळी, संपवूनच विमानात बस. रविवारी तुमच्या रात्री आठला मला फोन कर. अर्धा तास फक्त जर्मन बोलू. मुलगी शेजारी बसेल, दोघांच्याही चुका सांगेल.