क्लॅटच्या तर्काच्या प्रश्नांत शेवटी दोन पर्याय उरतात आणि त्यांतला चुकीचाच निवडला जातो. काय करावे?

तुम्ही डिचोलीहून लिहिले आहे की बारावीबरोबरच क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी चालू आहे, लॉजिकल रीझनिंगच्या प्रश्नांत चारपैकी दोन पर्याय सहज बाद करता येतात, पण उरलेल्या दोनांत गफलत होते. तेव्हा रीझनिंगचे आणखी एक जाडजूड पुस्तक घ्यावे का? मी फोंड्यात वकिली करतो आणि संध्याकाळी काही विद्यार्थ्यांना हा विभाग शिकवतो. माझ्या मते पुस्तक घेऊ नये. दोन पर्यायांपर्यंत जो पोहोचतो त्याला सरावाची कमतरता नसते. उताऱ्यातील लेखकाने नेमके काय म्हटले आहे आणि आपल्याला त्या विषयाची काय माहिती आहे, या दोहोंची त्याच्या मनात सरमिसळ झालेली असते.

२०२० पासून क्लॅट उताऱ्यांवर आधारित झाली. सध्या १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, त्यांपैकी तर्काचे साधारण २२ ते २६, आणि प्रत्येक उतारा सुमारे ४५० शब्दांचा. सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध अशा प्रकारांची जुनी पुस्तके महाराष्ट्राच्या विधी सीईटीसाठी उपयोगी पडतात, कारण तिथे तसे प्रश्न विचारले जातात. क्लॅटमध्येही मांडणीची कोडी येऊ शकतात, त्यामुळे तो भाग पूर्णपणे सोडू नये. परंतु मुख्य भर युक्तिवादाच्या परीक्षणावर असतो आणि तुमची अडचणही तिथेच आहे.

आपल्या ओळखीचाच एक युक्तिवाद घेऊ. समजा, उताऱ्याचा सारांश असा आहे: गोव्यात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते, या काळात बाजारात बांगडा महाग होतो, म्हणून बंदीचा कालावधी कमी केला, तर लोकांना वर्षभर मासळी स्वस्त मिळेल. आता प्रश्न असा की, हा युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर उभा आहे? पर्याय चार. पहिला, गोव्यातील बहुतेक कुटुंबे नियमितपणे मासळी खातात. दुसरा, पावसाळ्यात अनेक मासे अंडी घालतात, म्हणून बंदी आवश्यक असते. तिसरा, मासळी महागण्याचे बंदी हे एकमेव कारण आहे. चौथा, बंदी कमी केल्यामुळे उरलेल्या महिन्यांतील पकड घटणार नाही.

पहिला पर्याय कोणीही बाद करील. दुसरा मात्र गोव्याच्या विद्यार्थ्याला ओढून घेतो, कारण तो खरा आहे आणि लहानपणापासून ऐकलेला आहे. पण लेखक तर बंदी कमी करा म्हणतो आहे. त्याच्या युक्तिवादाला हे विधान आधार कसा देणार? ते त्याच्या विरोधात जाते. विधान खरे असणे आणि ते या लेखकाला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षक नेमका याच फटीत पर्याय पेरतो.

तुम्ही म्हणता ते उरलेले दोन पर्याय म्हणजे बहुधा तिसरा आणि चौथा. इथे नकाराची कसोटी लावावी, म्हणजे पर्याय उलटा करून पाहावा की त्याने युक्तिवाद कोसळतो का. तिसरा उलटला तर विधान होते, “बंदी हे एकमेव कारण नाही.” असेना का! बंदी हे अनेक कारणांतले एक मोठे कारण असले तरी लेखकाचे म्हणणे टिकते. चौथा उलटला तर विधान होते, “बंदी कमी केल्यामुळे उरलेल्या महिन्यांतील पकड घटेल.” आता ‘वर्षभर स्वस्त’ हा निष्कर्ष उभाच राहत नाही. चौथे उत्तर बरोबर. तिसरा पर्याय फसवतो तो ‘एकमेव’ या शब्दामुळे. ‘केवळ’, ‘नेहमी’, ‘कधीही नाही’ असे शब्द असलेला प्रत्येक पर्याय चूक असतो असे मुळीच नाही, पण उताऱ्यात तेवढा जोर नसताना पर्यायात तो आला, तर तिथे थांबून विचार करावा.

ही फट पर्याय वाचण्याआधीच दिसू शकते. लेखकाचा आधार ६१ दिवसांविषयी आहे आणि निष्कर्ष वर्षभराविषयी. उतारा वाचून झाल्यावर, पर्यायांकडे नजर जाण्यापूर्वी, निष्कर्ष कोणता आणि त्याचा आधार कोणता हे मनात एका वाक्यात मांडावे आणि दोहोंमध्ये काळ, व्याप्ती किंवा विषय कुठे बदलला हे पाहावे. माझ्या अनुभवात एवढ्या एका सवयीने जितका फरक पडतो, तितका डझनभर मॉक (सराव परीक्षा) सोडवूनही पडत नाही. हे वाक्य मनात मराठीत तयार झाले तरी बिघडत नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, पण विचार कोणत्या भाषेत करावा हे परीक्षक सांगत नाही.

“बाहेरचे ज्ञान उताऱ्यात आणू नका” असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. तो बरोबर असला तरी अपुरा आहे. वरच्याच उताऱ्यावर “पुढीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास, युक्तिवाद सर्वाधिक दुबळा करते?” असे विचारले आणि एका पर्यायात “अंडी घालण्याच्या काळात मासेमारी झाल्यास पुढील हंगामातील साठा घटतो” असे असले, तर तेच बरोबर उत्तर ठरेल. मघाशी जी माहिती बाद केली, जवळजवळ तीच इथे उत्तर होते, कारण ‘खरे मानल्यास’ या शब्दांनी परीक्षकाने स्वतःच बाहेरच्या माहितीला दार उघडून दिले आहे. याउलट “उताऱ्यावरून कोणते अनुमान निघते?” असे विचारले असता हे दार पूर्ण बंद असते. बंदीच्या काळात पारंपरिक होड्यांची मासेमारी चालते हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु उतारा फक्त यांत्रिक बोटींविषयी बोलतो, होड्यांविषयी तो मौन पाळतो, म्हणून ते अनुमान ठरत नाही. तेव्हा प्रश्नाचे शेवटचे वाक्य आधी वाचून तो गृहीतकाचा आहे, दुबळे करण्याचा आहे की अनुमानाचा, हे ठरवावे. दोन पर्यायांतली अर्धी गफलत मला तरी इथेच झालेली दिसते.

‘असे असेल तर तसे होते’ अशा सशर्त विधानांसाठी मी मुलांना न्यायशास्त्रातले, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातले, उदाहरण देतो. जिथे धूर तिथे अग्नी, म्हणून डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे हे अनुमान योग्य. परंतु जिथे अग्नी तिथे धूर असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुरासाठी ओले सरपणही लागते. आपल्या नैयायिकांनी हे कित्येक शतकांपूर्वी इतके स्वच्छ मांडून ठेवले असताना आपण ते इंग्रजी संज्ञांच्या पाठांतराने शिकतो, हे जरा विचित्रच. आता समजा, उताऱ्यात नियम आहे की बंदीच्या काळात समुद्रात गेलेल्या प्रत्येक यांत्रिक बोटीचा परवाना निलंबित होतो. एखाद्या बोटीचा परवाना निलंबित आहे, एवढ्यावरून ती बंदीत समुद्रात गेली होती असे ठरत नाही, कारण निलंबनाची इतर कारणे असू शकतात. पण बंदी संपल्यावरही तिचा परवाना निलंबित झालेला नसेल, तर ती गेली नव्हती हे निश्चित ठरते.

वेळेचे गणित थोडक्यात सांगतो. या विभागाला २५ ते ३० मिनिटे द्यावीत आणि एका प्रश्नावर अडून बसू नये. बरोबर उत्तराला १ गुण मिळतो, चुकीच्या उत्तराला ०.२५ वजा होतो. दोन पर्याय विचारपूर्वक बाद केले असतील, तर उरलेल्या दोनांतून डोळे मिटून निवडले तरी सरासरीने ०.३७५ गुण पदरात पडतो. म्हणून तुमच्या स्थितीत प्रश्न कोरा सोडणे तोट्याचे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट ही वेगळी परीक्षाही देणार असाल, तर तिथे १५० पैकी ७० प्रश्न तर्काचे असतात, त्यामुळे या तयारीचे मोल दुप्पट होते.

पुस्तकाऐवजी रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एक संपादकीय घ्यावे, त्याचा निष्कर्ष व आधार वहीत लिहावेत आणि लेखकाने न सांगता धरून चाललेली एक गोष्ट शोधून ती उलटी करून पाहावी. आधीच्या मॉकमध्ये चुकलेले प्रश्नही पुन्हा काढावेत. मात्र बरोबर पर्याय का बरोबर हे शोधण्याआधी, तुम्ही निवडलेला पर्याय तुम्हाला का पटला होता, हे प्रत्येक प्रश्नाखाली लिहावे. दहा-पंधरा प्रश्नांत तेच ते कारण पुन्हा पुन्हा येताना दिसले, की पुढचा सराव कशाचा करायचा हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.