कॅन्ससमधल्या व्हिक्टोरियासारख्या एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कसं काय?

इंटरस्टेट ७० वरून जाताना तुम्हाला शेतांत जे दोन जुळे मनोरे दिसले, ते सेंट फिडेलिस चर्चचे. जर्मनीतून आलेल्या लोकांनी ते बांधलं का, असं तुम्ही विचारलंय. बांधणारे जर्मनच, पण आले रशियातून.

१७६३ साली रशियाच्या कॅथरीन राणीने जाहीरनामा काढला: परदेशी शेतकऱ्यांनो या, जमीन देऊ, धर्म पाळू देऊ, सैन्यात ओढणार नाही. त्या भरवशावर ही मंडळी व्होल्गा नदीकाठी गेली आणि शंभर वर्षं जर्मन बोलत, कॅथलिक राहत शेती करत राहिली. १८७४ मध्ये सक्तीची लष्करभरती त्यांनाही लागू झाली. दिलेला शब्द फिरला म्हटल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी गाशा गुंडाळला. १८७६ मध्ये इथे वस्ती केली आणि तिला व्होल्गाकाठच्या आपल्या गावाचंच नाव दिलं, हर्झोग. शेजारचं व्हिक्टोरिया ही जॉर्ज ग्रँट नावाच्या स्कॉटिश माणसाने वसवलेली इंग्रजांची वसाहत. ते साहेबलोक शेतीपेक्षा शिकारीतच जास्त रमले आणि बरेचसे निघून गेले. टिकले ते हे व्होल्गावाले. पुढे दोन्ही गावं एक झाली, नाव मात्र साहेबांचंच राहिलं!

सुरुवातीला चर्च कुठलं? एक लाकडी क्रूस उभारून त्याच्यापुढेच प्रार्थना व्हायची. आजची इमारत चौथी, १९०८ ते १९११ मध्ये बांधलेली. ती उभी कशी राहिली, हे मला सगळ्यात भारी वाटतं. बारा वर्षांवरच्या प्रत्येक सभासदाने वर्षाला ४५ डॉलर वर्गणी द्यायची आणि सहा गाड्या दगड आणून टाकायचा, असं ठरलं. माणशी हं, घरटी नव्हे. म्हणजे घरातली आठ माणसं यादीत असली, तर त्या एका घराच्या वाट्याला अठ्ठेचाळीस फेऱ्या.

दगड इथलाच, चुनखडीचा. या माळावर झाडं इतकी कमी की लोक कुंपणाचे खांबसुद्धा दगडाचे करायचे, ते रस्त्याकडेला अजून दिसतात. खाणीत दगडाला ओळीने भोकं पाडायची, त्यांत लोखंडी पाचरा ठोकत जायचं, की तो सरळ रेषेत दुभंगतो. खाणीतून काढल्या काढल्या मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. मी डेन्व्हरहून येताना थांबलो होतो, तेव्हा भिंतीला हात लावून बघितला. पिवळसर, मधूनच गंजासारखी तपकिरी रेघ.

मनोरे १४१ फुटी आहेत आणि आत सुमारे अकराशे माणसं बसतात. गावची लोकसंख्याही साधारण तेवढीच. काचचित्रं मात्र नंतरची, १९१६ मध्ये सेंट लुईसच्या एमिल फ्राय यांच्या कारखान्यातून आलेली.

'मैदानांचं कॅथेड्रल' हे नाव विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी १९१२ मध्ये दिलं म्हणतात. हे तेच, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तीनदा पडलेले. खरं तर हे कॅथेड्रल नाही, कारण बिशपची गादी इथे नाही, ती सलायनाला. २०१४ मध्ये व्हॅटिकनने याला बॅसिलिकेचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा, दर्जा दिला. पण गावात पत्ता विचारताना लोक अजून कॅथेड्रलच म्हणतात, तुम्हीही तसंच विचारा.