बसने जाऊन नदीच्या घळईतला जंगल ट्रेक एका दिवसात कसा आखावा?

परतीच्या बसपासून उलटे मोजत या. शेवटची बस हे लक्ष्य नाही, तो राखीव पर्याय आहे. लक्ष्य तिच्या आधीची बस. सुट्टीच्या दिवशीचे वेळापत्रक बहुतेक वेगळे असते, ते आधी बघा.

बसचा खरा फायदा असा की गाडीपाशी परत यावे लागत नाही. एका थांब्यावर उतरून दुसऱ्या थांब्यावर निघता येते. सकाळी कमी बस असलेल्या टोकाला जा आणि जास्त बस असलेल्या टोकाला ट्रेक संपवा. उलटे केलेत आणि उशीर झाला, तर रात्र थांब्यावरच जाईल.

वेळेसाठी नेस्मिथचा नियम घ्या: ५ किमीला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला १ तास. १२ किमी आणि ६०० मीटर चढ म्हणजे सुमारे साडेतीन तास. पण हा हिशेब चांगल्या वाटेचा. शेवाळलेले दगड आणि ओल्या पानांखाली लपलेली मुळे असली तर दीडपट धरा, म्हणजे पाच तासांच्या वर. विश्रांतीचा वेळ वेगळा.

घळईच्या उंच भिंतींमुळे जीपीएस भरकटतो आणि अंधारही लवकर पडतो. नकाशा आधीच डाउनलोड करा, हेडलॅम्प घ्याच.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वर कुठेतरी पडलेल्या पावसाने पाणी चढते. ते अचानक गढूळ झाले, काटक्या-पाने वाहत आली किंवा आवाज वाढला, तर लगेच काठाच्या उंच बाजूला चढा. प्रवाहासोबत खाली पळू नका. गुडघ्याच्या वर वेगाचे पाणी असेल तर ओलांडू नका.