लीनची सुरुवात शॉपफ्लोअरवरून करा
कुपवाड एमआयडीसीत तुम्ही नुकताच कारखाना सुरू केला आहे, म्हणून आग्रहाने सांगतो की, लीन व्यवस्थापनाचे, म्हणजे कामातला अपव्यय काढून टाकण्याच्या पद्धतीचे, फलक लावण्यापूर्वी एकाच जॉबचा (बनवायच्या भागाचा) कच्च्या मालापासून डिस्पॅचपर्यंतचा प्रवास स्वतः उभे राहून, घड्याळ लावून नोंदवा. टोयोटा या जपानी मोटार कंपनीचे अभियंते ताइची ओनो यांनी सांगितलेल्या 7 अपव्ययांपैकी अतिउत्पादन सर्वांत घातक, कारण त्यातूनच साठा, हाताळणी आणि प्रतीक्षा वाढते. तरीही यंत्र रिकामे दिसू नये एवढ्यासाठी ऑर्डर नसताना माल काढला जातो, हे मला फार खटकते. लेथच्या सेटिंगचा, म्हणजे पुढच्या जॉबसाठी यंत्र तयार करण्याचा, वेळ आधी कमी करा. पुढच्या जॉबची हत्यारे, जॉज (जॉब पकडणारे जबडे) आणि गेज (मापाची साधने) यंत्र चालू असतानाच जवळ आणून ठेवली, तर लहान बॅच परवडते. मात्र ऑपरेटरला विचारल्याशिवाय काहीही हलवू नका.