दऱ्या आणि दर्या

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानं, तीही हाताने लिहिलेली. मी आधी अक्षर बघतो आणि मग मजकूर वाचतो, ही माझी जुनी सवय. पहिल्या दोन पानांवर तुझी शिरोरेषा नीट ओढलेली आहे. तिसऱ्या पानावर, जिथे परीक्षक काय म्हणाले ते लिहिलंयस, तिथे शिरोरेषाच नाही. नुसती अक्षरं, एकमेकांवर कललेली. तुला किती लागलंय ते मला वाचायच्या आधीच कळलं.

‘हिच्या कामाला दिशा नाही’ असं ते म्हणाले. कविता लिहितेस, आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करतेस, स्क्रीन प्रिंटिंग करतेस, ठिपक्यांच्या रांगोळीवरून नक्ष्या काढतेस आणि आता टाइप डिझाइन, म्हणजे छपाईच्या नि संगणकाच्या अक्षरांची घडण, शिकायचं म्हणतेस. ‘एक काहीतरी धर’ हे घरीही ऐकतेस आणि कॉलेजातही.

मला यावर एका माणसाबद्दल सांगायचंय. र. कृ. जोशी हे नाव तू ऐकलं असशील, पण तुम्हा पोरांना ते फाँट बनवणारे म्हणूनच माहीत असतात. मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. तरी गेली तीस वर्षं अक्षरलेखन शिकवताना, वर्गात काही अडलं की ‘इथे जोशी सरांनी काय केलं असतं’ असा विचार मी करतो.

त्यांचा जन्म १९३६ चा. जे. जे.च्या उपयोजित कला संस्थेतून ते १९५६ साली बाहेर पडले आणि जाहिरातीच्या धंद्यात गेले. ‘उल्का’ या एजन्सीत त्यांनी वीसहून अधिक वर्षं काढली. दिवसभर साबणाच्या नि कापडाच्या जाहिरातींच्या जगात राहायचं आणि त्याच हाताने मराठीत दृश्य कविता करायच्या, म्हणजे शब्दाचा अर्थ शब्दाच्या आकारातच दिसला पाहिजे अशा. बोरू, म्हणजे बरूच्या काडीची लेखणी, घेऊन लोकांसमोर अक्षरं लिहायची, अक्षरांचे प्रयोग रंगमंचावर करायचे. आणि सत्तेचाळिशीच्या आसपास, चांगली बसलेली घडी मोडून, १९८३ मध्ये पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवायला जायचं. तिथे १९९६ पर्यंत शिकवलं. मग, लोक निवृत्त होऊन नातवंडांत रमतात त्या वयात, ते संगणकावरच्या अक्षरांचं काम करत राहिले. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचा. पुढे वेदांच्या स्वरचिन्हांना युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या यादीत, जागा मिळावी म्हणूनही ते झटले. २००८ च्या फेब्रुवारीत ते गेले.

आता सांग, यांनी ‘एक काहीतरी’ कधी धरलं? कवी, जाहिरातवाले, सुलेखनकार, मास्तर, संगणकवाले. ओळखपत्रावर काय लिहावं, हा प्रश्नच. पण जवळ जाऊन बघितलंस तर सगळ्याच्या बुडाशी एकच गोष्ट सापडते: देवनागरी अक्षर. कवितेत तेच, जाहिरातीत तेच, फाँटमध्ये तेच.

हे मोघम वाटेल, म्हणून एक ‘क्ति’ घे. ‘व्यक्तिमत्त्व’ असं टाइप करून बघ. व्यंजनं तू आधी टाइप करतेस, ऱ्हस्व वेलांटी नंतर, पण पडद्यावर तिला जायचं असतं मागे, व्यंजनांच्या डावीकडे. आणि नुसतं जाऊन भागत नाही. ‘कि’ची वेलांटी एका अक्षरावर वाकते, ‘क्ति’ची जोडाक्षरभर पसरावी लागते. एकाच मापाची वेलांटी सगळीकडे डकवली की ती कुठे तोकडी पडते, कुठे पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन आदळते. म्हणून नेटक्या फाँटमध्ये वेलांट्या वेगवेगळ्या रुंदीच्या करून ठेवाव्या लागतात आणि कुठे कुठली बसायची ते फाँटला शिकवावं लागतं. ज्याने बोरूने हजारो वेलांट्या वळवल्यात, त्याच्या मनगटाला हे आधीच ठाऊक असतं. जोशी सरांची कागदावरची वर्षं वाया गेली नाहीत, ती अशी पडद्यावर उतरली.

माझं स्वतःचं म्हणशील तर मी अक्षर शिकलो कोल्हापुरात, एका पेंटरकाकांच्या हाताखाली, दहावीच्या सुट्टीत. एका दुकानाची वीस फुटी पाटी होती. काकांनी मला सुताला खडू लावून रेघा मारायला आणि अक्षरांची आखणी करायला सांगितलं. मी पट्टी घेऊन सगळ्या अक्षरांना सारखी जागा दिली, मोजून. ‘र’ला जेवढी तेवढीच ‘क्ष’ला. रंग भरत शेवटाशी आलो तर शेवटचं अक्षर मावेना. ‘र’च्या दोन्ही बाजूंना ओसाड मैदान आणि ‘क्ष’ गर्दीत चेंगरलेला. काकांनी काही न बोलता रॉकेलचा बोळा घेतला आणि अर्धी पाटी पुसली. मग मला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि डोळे बारीक करून बघायला लावलं. अक्षरं बघू नको, म्हणाले, मधली भोकं बघ. ती सारखी दिसली पाहिजेत, मोजून सारखी नव्हे. संध्याकाळपर्यंत मी पलीकडच्या फुटपाथवर उभा होतो. आज वर्गात मी हेच शिकवतो, फक्त रॉकेल नसतं.

पुढे फ्लेक्स आला आणि काकांचं काम बसलं. या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं, आणि ते केवळ आठवणीपोटी नाही. हाताने पाटी लिहिणारा माणूस गावची भाषा ऐकून लिहायचा. फ्लेक्सवाल्याकडे फाँट जे देईल तेच येतं, आणि त्यात मराठीची कितीतरी अक्षरं बेवारस होतात. ‘ल’ बघ. आपण शाळेत गिरवला तो पाकळीचा ‘ल’, दोन पाकळ्या जोडल्यासारखा. तुझ्या फोनवर बहुतेक हिंदी पद्धतीचा, काना असलेला दिसत असेल. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही असतात, फक्त मजकुराची भाषा मराठी आहे हे त्याला सांगावं लागतं. सांगतं कोण?

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे तर मी प्रत्येक नव्या वर्गात फळ्यावर लिहितो. एक डोंगरातला खड्डा, दुसरा समुद्र. आचाऱ्याला बोलावलं तर स्वयंपाक होतो, आचार्यांना बोलावलं तर प्रवचन. सगळा फरक त्या एका डुलणाऱ्या अर्ध्या ‘र’चा. रफार डोक्यावर बसतो आणि उच्चाराला झटका देतो, हा अर्धा ‘र’ बाजूला हळूच झुकतो. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ‘ऱ’ धरतात, नुसता साधा ‘र’ घेतला तर रफार येतो. एकदा एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘तुताऱ्या’ छापून आल्या त्या रफार घेऊन. छापखान्याला विचारलं तर म्हणाले, मशीनमध्ये असंच येतं. हजार प्रती वाटून झाल्या होत्या. असा अर्धा ‘र’ मेला तर तो कुणी मारला असं कुणाला म्हणता येणार नाही, म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते.

आता तुझ्याकडे येतो. परीक्षकांचं एक म्हणणं मला पटतं आणि ते तुझ्यापासून लपवणार नाही. तुझं सगळं अर्ध्यावर आहे. ओव्या रेकॉर्ड केल्यास, पण त्यातली एकही कागदावर उतरवली नाहीस. रांगोळीच्या नक्ष्या वहीत आहेत, पण छपाईचा स्क्रीन धुऊन दोन रंगांत छापलेली एकही नाही. आवडी पाच असण्यात दोष नाही. दोष आहे तो पाचही हाताला चिकटण्याआधी सुटण्यात.

म्हणून आजीची एकच ओवी घे. ती जात्यावर म्हणतात, म्हणजे तिच्यात जात्याचा फेरा आहे. खुंटा ढकलताना जोर लागतो, अंगाकडे येताना तो सैल होतो. रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐक आणि आजी कुठे श्वास घेते ते पेन्सिलीने खूण कर. मग बोरूने लिहायला बस. बोरूचा काप डाव्या तिरक्या बाजूचा लागतो, इंग्रजी निबच्या उलट, हे विसरू नकोस. नाहीतर जाड रेघ बारकी आणि बारकी जाड होऊन बसेल आणि अक्षर परकं दिसेल. श्वासाच्या जागी किती मोकळी जागा सोडायची ते तू ठरव. मोडी लिहिणारे आधी कागदभर रेघ ओढत आणि मग तिला अक्षरं टांगत. तू एकदा तसंही करून बघ, रेघ आधी. चाळीस कागद वाया जातील. जाऊ देत. एकेचाळिसावा तुझ्या स्क्रीनवर चढव आणि छाप. कविता, ओवी, छपाई, अक्षर, सगळं त्या एका कागदावर येईल. मग परीक्षकांना काही समजावून सांगावं लागणार नाही, कागद पुढे ठेव.

संगणकावर फाँटचं काम यानंतर. सहा महिने तरी लांब ठेव. तुला घाई आहे हे मला माहीत आहे, तुझ्या वर्गातली मुलं आत्ताच फाँट विकायला लागलीत असं तू लिहिलंयस. विकू देत.

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला आलीस की घरी ये. बरू मिळालेत चांगले, वाळत ठेवलेत. तोवर कापायला होतील. येताना ती ओवी आणि वाया गेलेले चाळीसही कागद घेऊन ये, फेकू नकोस. आजींना माझा नमस्कार सांग, आणि त्यांची परवानगी असेल तर रेकॉर्डिंगही मला ऐकव.

तुझा,
सर

ता. क. – तुझ्या पत्रात शेवटच्या पानावर ‘सुऱ्या’ बरोबर लिहिलंयस. पाहिलं मी.